मागच्या बाकावरची बाई

"आई, आज आमच्या सायन्सच्या बाई किती छान शिकवत होत्या! चार्ट आणला होता, सगळ्यांना प्रश्न विचारले, एकदासुद्धा ओरडल्या नाहीत. मागे मोठे सर येऊन बसले होते ना!"

घरात शाळेत जाणारं मूल असेल तर अशा अर्थाचं वाक्य तुमच्या कानावर कधी ना कधी पडलंच असेल. आपण हसतो, "बरं, हात धुऊन जेवायला बस" म्हणतो आणि विसरून जातो. मी मात्र विसरू शकत नाही, कारण पुष्कळ वर्षं मागे येऊन बसणारी ती व्यक्ती मीच होते. आधी विज्ञान शिकवणारी शिक्षिका आणि निवृत्तीपूर्वीची शेवटची वर्षं पर्यवेक्षिका. म्हणजे हातात लॉगबुक, पेनाचं टोपण उघडं, आणि चेहरा असा की शेवटच्या बाकावरच्या पोरांनी आपोआप ताठ बसावं.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांच्या हाताखाली पर्यवेक्षक असं एक पद असतं. शिक्षकांच्या टाचणवह्या तपासायच्या, वेळापत्रक सांभाळायचं, रजेवर गेलेल्यांच्या तासांना दुसरं कोणी पाठवायचं आणि वर्षातून ठरावीक वेळा प्रत्येकाचा पाठ बघायचा. पाठ बघून झाला की लॉगबुकात शेरा. शेऱ्याखाली माझी सही, आणि तिच्याखाली ज्याचा पाठ होता त्याची. तुमच्या गावच्या शाळेत या माणसाला को-ऑर्डिनेटर म्हणत असतील, व्हाइस प्रिन्सिपल म्हणत असतील. काम थोड्याफार फरकाने तेच.

मी नोकरीला लागले तेव्हाचा माझ्यावरचा पहिला शेरा अजून पाठ आहे: "फळ्यावरील अक्षर सुधारावे. पाठ समाधानकारक." आठवीला आर्किमिडीजचं तत्त्व शिकवलं होतं. घरून बादली नेली होती, दगड नेला होता, स्प्रिंगचा ताणकाटा नेला होता. दगड पाण्यात बुडला की काट्यावरचं वजन कमी का दिसतं, यावर एका मुलाने असा काही उलटा प्रश्न विचारला होता की मी गडबडले होते. मला त्या गडबडीबद्दल कोणाशी तरी बोलायचं होतं. साहेबांनी अक्षराबद्दल लिहिलं. अक्षर वाईट होतं हे खरंच होतं म्हणा.

पुढे मी स्वतः लॉगबुक हातात घेतलं तेव्हा काय केलं? तेच केलं. ते आज सांगायचं आहे.

आमच्याकडे गणिताला एक तरुण शिक्षक आले. शिक्षणसेवक होते, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर, त्यानंतर कायम. अशा माणसाच्या बाबतीत लॉगबुकातली एक ओळसुद्धा जड असते. नववी 'ब'ला त्यांचा भूमितीचा तास होता. त्रिकोणाच्या तीन मध्यगा एकाच बिंदूतून जातात, तो मध्यगासंपात. सरांनी मुलांना पुठ्ठ्याचे त्रिकोण कापायला लावले होते, प्रत्येकाचा आकार वेगळा. मध्यगा काढा, बिंदू शोधा, आणि आता त्या बिंदूवर पेन्सिलीचं टोक ठेवून त्रिकोण तोलून दाखवा. साठ मुलं. कोणाचा तोलला जातोय, कोणाचा पडतोय, कोणी शेजाऱ्याला सांगतंय, "अरे तुझी मध्यगा चुकलीय, बाजूचा मध्यबिंदू परत मोज." एक मुलगी बाकावर उभी राहून ओरडली, "सर, माझा राहिला!"

मी मागे बसले होते. मला काय दिसलं? गोंगाट दिसला. बाजूच्या वर्गाचं दार कोणीतरी आपटून लावलं, तो आवाज ऐकू आला. मी लिहिलं: "वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे. आवाज वाढवावा." त्यांनी वाचलं, मान हलवली, खाली सही केली. आमच्यात एवढंच बोलणं झालं. बोलणं झालंच नाही म्हणा ना.

तीन महिन्यांनी मी परत त्याच वर्गात गेले. सर खणखणीत आवाजात प्रमेय सांगत होते. फळ्यावर पक्ष, साध्य, सिद्धता. मुलं खाली मान घालून उतरवून घेत होती. टाचणी पडली तर ऐकू आली असती. मी लिहिलं: "सुधारणा आहे."

ही दोन शब्दांची ओळ माझ्या नोकरीतली सगळ्यात वाईट ओळ आहे, असं मला वाटतं. तेव्हा अर्थातच वाटलं नव्हतं. वार्षिक परीक्षेनंतर एके दिवशी गेटपाशी तीच बाकावर चढलेली मुलगी भेटली. मी सहज विचारलं, "काय गं, गणित कसं गेलं?" म्हणाली, "बरं गेलं बाई. पाठ केलं होतं सगळं." मग जाता जाता म्हणाली, "सर आधी काय काय करायला लावायचे. मग बंदच केलं त्यांनी."

का बंद केलं, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आता कोणी म्हणेल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, सगळीकडे असंच चालतं. चालतं खरं, आणि ते आजचं नाही. १८५४च्या वुडच्या खलित्यानंतर आपल्याकडे सरकारी शिक्षणखाती उभी राहिली, शाळांना अनुदान मिळू लागलं आणि अनुदानाबरोबर तपासणीही आली. सरकारचा पैसा नीट खर्च होतो की नाही हे बघायला इन्स्पेक्टर आले. मुंबई इलाख्यात तर काही काळ मुलांच्या परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरत असे. साहेब येणार म्हटलं की गुरुजींच्या पोटात गोळा का यायचा, ते यावरून कळेल. जाता जाता, लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत आधी शिक्षक होते आणि पुढे याच तपासणीच्या खात्यात असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर झाले. म्हणजे चांगली, शिक्षण जाणणारी माणसंही त्या खुर्चीवर होती. पण खुर्चीचं मूळ काम हिशेब तपासायचं होतं, आणि खुर्ची माणसाला आपल्यासारखं बनवते.

स्वातंत्र्यानंतर हे बदलायचा विचार झाला नाही असं नाही. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालच्या माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ सालीच म्हटलं होतं की निरीक्षक हा शाळेचा सल्लागार असायला हवा. सत्तर वर्षं झाली. आमच्या लॉगबुकातली भाषा मात्र "करावे", "द्यावे", "टाळावे" हीच राहिली.

माझ्यात बदल झाला तो असल्या अहवालांमुळे नाही. गेटपाशी झालेलं ते बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून एका सुट्टीत बी.एड.च्या जुन्या वह्या माळ्यावरून काढल्या. त्यात फ्लँडर्स सापडला. बी.एड. झालेल्या वाचकांनी इथे कपाळाला हात लावला असेल! नेड फ्लँडर्स नावाच्या अमेरिकन संशोधकाची ही पद्धत: दर तीन सेकंदांनी वर्गात काय चाललंय त्याची नोंद करायची, दहा प्रकारांत. शिक्षक सांगतोय, विचारतोय, कौतुक करतोय, मूल उत्तर देतंय, मूल आपणहून बोलतंय, शांतता आहे. दहाही प्रकार मी परीक्षेसाठी घोकले होते, चांगले गुण मिळवले होते, आणि नंतर एकदाही वापरले नव्हते. फ्लँडर्सच्या निरीक्षणात असं दिसलं होतं की वर्गात साधारण दोन तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असतं आणि त्या बोलण्यातलं दोन तृतीयांश शिक्षकाचं असतं. यात "चांगलं", "वाईट" असा शेरा नाही. नुसतं काय घडलं ते. मला तेच हवं होतं.

त्याच वह्यांत आणखी एक गोष्ट होती. अमेरिकेत हार्वर्डमध्ये मॉरिस कोगन नवे शिक्षक तयार करत होते. अनुभवी माणसाने मागे बसायचं आणि तासानंतर दोषांची यादी वाचून दाखवायची, याने नवा शिक्षक सुधारत नाही, हे तिथे लक्षात आलं. त्यातून जी रीत निघाली ती रॉबर्ट गोल्डहॅमर यांनी १९६९च्या पुस्तकात मांडली. नाव क्लिनिकल सुपरव्हिजन असं भारदस्त आहे, पण करायचं ते साधं. तासाआधी शिक्षकाशी बोलायचं: आज काय करणार, मी कशाकडे लक्ष देऊ? मग वर्गात बसून जे घडतं ते लिहायचं. मग एकट्याने ते वाचून विचार करायचा. मग शिक्षकाबरोबर बसायचं. आणि शेवटी, मला सगळ्यात आवडलेला भाग, बघणाऱ्याने स्वतःची तपासणी करायची: माझं बोलणं या माणसाच्या उपयोगी पडलं का? इतक्या वर्षांत माझ्याजवळ बसून हा प्रश्न स्वतःला विचारणारा एकही साहेब मी पाहिला नव्हता. मी तरी कुठे विचारला होता?

जून उजाडला. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, लॉगबुक ठेवू, नियम आहे, पण त्याशिवाय मी एक साधी वही ठेवते, ती कोणाला दाखवायची नाही. ते म्हणाले, "करा तुम्हाला काय करायचं ते, फक्त यू-डायसची माहिती वेळेत भरून द्या."

पहिल्यांदा कोण तयार झालं असेल? कोणी नवखं नाही. बावीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाई. मी विचारलं, "काय बघू?" त्या म्हणाल्या, "मला वाटतं माझे प्रश्न सगळ्यांपर्यंत जातात. जातात का, तेवढं बघा."

मी एका कागदावर वर्गाचा नकाशा काढला. बाकांचे चौकोन, प्रत्येक चौकोनात दोन मुलं. बाईंनी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे एक रेघ. चाळीस मिनिटांचा तास, ५४ मुलं. तास संपला तेव्हा ३१ रेघा झाल्या होत्या. त्यांतल्या २३ डावीकडच्या पहिल्या तीन बाकांवर. मागच्या दोन ओळींत मिळून एक. आणि तो प्रश्न होता, "खिडकी लावतोस का रे जरा?"

कागद मी त्यांच्यापुढे ठेवला आणि गप्प बसले. गप्प बसणं मला फार अवघड जातं, घरचेही सांगतील. बाई बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिल्या. मग उठल्या, शिक्षकखोलीतल्या कपाटालाच फळा समजून उजव्या हाताने लिहिल्यासारखं केलं आणि मान वळवली. मान डावीकडे वळली. "बघा," त्या म्हणाल्या, "लिहिता लिहिता मी अशी वळते. जे दिसतात त्यांनाच विचारते. बावीस वर्षं!"

मी "प्रश्नांचे समान वितरण करावे" असं लिहिलं असतं तर त्यांनी सही केली असती आणि वही मिटली असती.

यानंतर त्यांनी स्वतःच ठरवलं की प्रश्न विचारताना वर्गाच्या मध्यापर्यंत चालत जायचं. उपाय माझा नव्हता, म्हणूनच टिकला.

जपानमध्ये शिक्षकांची एक जुनी रीत आहे, जुग्यो केंक्यू, म्हणजे पाठाचा अभ्यास. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून बघतात. पण बघतात ते शिकवणाऱ्याकडे नाही, मुलांकडे. मुलगा कुठे अडखळला, कुठे खोडलं, कुठे शेजारच्याच्या वहीत डोकावला. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असल्यामुळे तो फसला तरी एकट्याची नाचक्की होत नाही. आमच्या शाळेत हे तसंच्या तसं करणं शक्य नव्हतं. दोन शिक्षकांना एकाच वेळी मोकळा तास मिळणं म्हणजे दिवाळी. त्यात निवडणुकीची कामं, जनगणना, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाइन माहिती. पण आठवड्यातून एक तास, दोघं-दोघं, एवढं जमलं.

आता प्रशिक्षणाचं बोलते, कारण पालकांना त्याचा वैताग असतो. "बाई परत ट्रेनिंगला गेल्या, पोरांचा तास बुडाला." २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलंय की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. आमच्याकडे वेतनाशी जोडलेलंही प्रशिक्षण आहे, १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणीसाठी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणीसाठी. केंद्र सरकारचा 'निष्ठा' हा प्रशिक्षण कार्यक्रम २०१९ला सुरू झाला, २०२१मध्ये तो माध्यमिक शिक्षकांपर्यंत आला, 'दीक्षा' ॲपवर, घरबसल्या. खरं सांगते, त्यातले काही व्हिडिओ मी मटार सोलता सोलता पाहिले. काही तर नुसते चालू ठेवले आणि भाजीला फोडणी दिली. शेवटची प्रश्नावली सोडवली, प्रमाणपत्र आलं, ग्रुपवर सगळ्यांनी एकमेकांना अंगठे दाखवले.

त्या अभ्यासक्रमांत काही नव्हतं असं अजिबात नाही. मूल्यमापनावरचा भाग मला खरोखर आवडला होता. पण दुसऱ्या दिवशी वर्गाचं दार लागलं की आत मी आणि साठ मुलं. जे शिकले ते आत उतरलं की नाही, हे बघायला कोणीच नव्हतं. आणि जो बघायला येत होता तो टाचणवही पूर्ण आहे का, हे बघत होता. प्रशिक्षण एका खोलीत, तपासणी दुसऱ्या खोलीत, आणि शिकवणं तिसऱ्याच खोलीत बंद. ५० तासांतले पाच जरी एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून झाले तरी चाललं असतं मला.

वर्गात कॅमेरे लावले की काम होईल, असं काहींना वाटतं. दिल्ली सरकारने २०१९मध्ये सरकारी शाळांच्या वर्गांतलं दृश्य पालकांना मोबाइलवर दाखवण्याची योजना सुरू केली होती. पालक म्हणून मोह मला कळतो. पण कॅमेऱ्यातून बघणारा प्रत्येक जण म्हणजे पुन्हा मीच, नववी 'ब'च्या मागच्या बाकावरची. त्रिकोण तोलणारी मुलं त्याला गोंगाट करणारीच दिसणार.

या सगळ्यात तुमच्या घराशी संबंध असलेली एक गोष्ट मला त्या वहीने शिकवली. एकदा मी एका विज्ञानशिक्षिकेच्या तासाला फक्त घड्याळ घेऊन बसले. प्रश्न विचारल्यापासून त्या किती वेळ थांबतात? बहुतेक वेळा एक सेकंदही नाही. प्रश्न, की लगेच दुसऱ्याचं नाव, नाहीतर स्वतःच उत्तर. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने हेच मोजलं होतं. तिचे लेख १९७०च्या दशकात आले. शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. ते वाचून मी घरी आले आणि संध्याकाळी नातवाला पाढे विचारताना स्वतःकडे लक्ष दिलं. "सात नव्वे?" आणि त्याने तोंड उघडायच्या आत, "त्रेसष्ट! कितीदा सांगायचं?" आज रात्री गृहपाठाला बसाल तेव्हा प्रश्न विचारून मनात तीनपर्यंत मोजा. तीन सेकंद फार मोठे असतात हो. मुलाच्या कपाळावरची आठी दिसते, ओठ हलताना दिसतात. आणि पुढच्या पालकसभेत गुणपत्रिका बघून झाली की एक चौकशी करून बघा: या शाळेत शिक्षक एकमेकांचे तास बघायला जातात का? सगळे क्षणभर तुमच्याकडे बघत राहतील. राहू देत.

ते गणिताचे सर? ते कायम झाले, आमच्याच शाळेत राहिले. साधी वही सुरू केल्यावर दोन वर्षं त्यांनी मला बोलावलं नाही. मीही त्यांच्या वर्गात फक्त नियमापुरती गेले. तिसऱ्या वर्षी मी एका मधल्या सुट्टीत त्यांच्यासमोर बसून लॉगबुकातली ती जुनी पानं उघडली आणि म्हटलं, "हे मी चुकीचं लिहिलं होतं." ते थोडं हसले. "असू द्या बाई, आवाज खरंच कमी होता माझा," म्हणाले. चहा संपवून गेले. मला वाटलं, संपलं.

पुढच्या आठवड्यात त्यांची चिठ्ठी आली. गुरुवारी चौथा तास, नववी 'ब'. पुठ्ठ्याचे त्रिकोण घेऊन जाणार आहे. तुम्ही मागे बसू नका, मुलांच्या मधून फिरा, आणि कोण कोणाला काय सांगतं तेवढं लिहून आणा.

मी पेन आणि वही घेऊन गेले. लॉगबुक ऑफिसातच ठेवलं.